तीस फूट कमी

सहादेव आंधळे गाणं फुटात मोजायचा. मी इंग्रजीचा प्राध्यापक, नगरच्या चित्र मंडळाचा चिटणीस, घरात विलायती रेकॉर्डांची अख्खी फळी बाळगणारा. त्याचं हे फुटांचं मोजमाप मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता हसू येत नाही. या माणसाबद्दल मी आजवर कुठे एक ओळ लिहिली नाही, आणि का लिहिली नाही ते मला चांगलं ठाऊक आहे. त्याच्याबद्दल खरं लिहायचं तर स्वतःबद्दलही खरं लिहावं लागतं, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं.

सहादेव पाथर्डीकडच्या एका कोरडवाहू गावातला. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला निघायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचे. हाही त्यांच्याबरोबर दोन-तीन हंगाम गेला. मग विसाव्या वर्षी मढीच्या यात्रेत तंबू टॉकीज आली होती, तिच्यामागे जो गेला तो कोयत्याकडे परतला नाही. आधी तंबूचे दोर ओढले, मग जनरेटर सांभाळला, मग मशीनला हात लावायला मिळाला. पुढे ऑपरेटरचं लायसन काढून नगरच्या एका थिएटरात लागला. थिएटरचं नाव सांगत नाही. मालकाची मंडळी अजून नगरातच आहेत, आणि जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

आडनाव आंधळे आणि धंदा सिनेमा दाखवायचा, यावर आमचे प्राचार्य दर भेटीत तोच विनोद करायचे आणि सहादेव दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा. माझ्याहून तो चार-पाच वर्षांनी मोठा असेल. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. तो मला सर म्हणायचा.

फुटांचं म्हणाल तर त्यात वेडेपणा काही नव्हता. मशीनमधून मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते. बारा-पंधरा वर्षं केबिनमध्ये उभं राहून ती चाल त्याच्या अंगात मुरली होती. मनगटावर घड्याळ नव्हतं आणि त्याला त्याची गरजही नव्हती. त्याच्या बायकोची, रतनबाईची, भाकरी तव्यावर पडल्यापासून टोपलीत येईपर्यंत एकशे ऐंशी फूट. माळीवाड्याच्या स्टँडवरून थिएटरपर्यंत पायी हजार फूट. मी एकदा म्हटलं, "अरे, रस्ता त्याहून कितीतरी लांब आहे."

"रस्त्याचे न्हाई सर," तो म्हणाला, "शिनेमाचे फूट."

आमचं मंडळ रविवारी सकाळी त्या थिएटरात जुने परदेशी सिनेमे दाखवायचं. कॅम्पातले काही लष्करी अधिकारी, मिशनच्या शाळेतले शिक्षक, दोन-चार डॉक्टर, बाकी आम्ही कॉलेजवाले. सिनेमाआधी मी दहा मिनिटं बोलायचो. दिग्दर्शक कोण, काळ कोणता, कुठल्या चौकटीत काय पाहायचं. वर केबिनमध्ये सहादेव मशीनच्या दिव्याचा कार्बन पेटवून तयार असायचा. त्याला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, फ्रेंच तर सोडाच. पण एखादा सिनेमा दोन वर्षांनी पुन्हा आला की खेळ संपल्यावर तो जिना उतरून खाली यायचा आणि हळूच म्हणायचा, "सर, मागल्या टायमाला ती बाई पत्र वाचून दोनदा खिडकी लावत हुती. ह्या प्रिंटात एकदाच लावती."

मला कसलं आठवतंय? मी म्हणायचो, "असेल."

त्याच्याकडे शंभर पानी वही होती. तिच्यात तो हे सगळं लिहून ठेवायचा. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर मोठं आणि वाकडं. सिनेमांची नावं त्याला लिहिता येत नव्हती, म्हणून त्यानं आपली ठेवली होती: टोपीवाल्याचा, आगगाडीचा, म्हाताऱ्याचा. खाली नोंदी. 'खिडकी दोनदा.' 'नव्या प्रिंटात कुत्रं न्हाई.' 'चार नंबर, शंभर फूट कमी, लगीन कापलं.' नंबर म्हणजे रिळाचा. एकच सिनेमा, पण मुंबईहून आलेली प्रिंट वेगळी, पुण्याहून आलेली वेगळी, पुन्हा नव्यानं काढलेली आणखी वेगळी. कोणीतरी मधेच कात्री लावलेली असते, कोणीतरी शेवट बदललेला असतो. हे मला पुस्तकांतून वाचून माहीत होतं. सहादेवनं ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आता जॅझचं सांगतो, कारण माझी खरी लाज तिथून सुरू होते.

इंग्रजी खेळाच्या आधी हिंदी सिनेमाची गाणी वाजवणं मला बरं वाटेना, म्हणून मी घरच्या रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात घालून थिएटरात न्यायचो. कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांनी बदली होताना मला सहा विलायती एलपी विकल्या होत्या. त्यांतली एक माझा जीव की प्राण. न्यूयॉर्कच्या चार जणांची. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, उभा मोठा बास आणि ड्रम. सहादेवनं चौघांचीही नावं ठेवली: तुतारी, पिपाणी, भोपळा आणि झाडू. ड्रमवाला काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरवतो, त्याचा तो आवाज, म्हणून झाडू. मी ही नावं प्राध्यापकांच्या खोलीत सांगून हशा पिकवला. मात्र एक सांगितलं नाही. झाडू कुठे थांबतो आणि पुन्हा कुठे सुरू होतो हे मला सहादेवनं दाखवेपर्यंत कधी ऐकूच आलं नव्हतं.

एके दिवशी सहादेव तीच रेकॉर्ड घेऊन हजर. जुन्या बाजारात सापडली म्हणाला. कव्हर नाही, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मधला कागद विटलेला. वाचता येत नव्हतं, पण अक्षरं माझ्या रेकॉर्डवरच्यासारखी दिसली म्हणून घेतली. माझ्या लक्षात आलं की ही आपल्याकडे छापलेली आहे.

"बरं झालं," मी म्हणालो. "आता विलायती आणि देशी यांतला फरक तुला कळेल. मूळ ते मूळ."

"फरक हाय सर," तो म्हणाला. "माझीला खरखर लई हाय. पन गानं तुमचीत कमी हाय."

मी हसलो. गाणं कमी कसं असेल? तीच माणसं, तोच अल्बम, तेच नाव. पण त्यानं हट्ट सोडला नाही. तीनचा खेळ सुटल्यावर आणि सहाचा लागण्याआधी मधे जो वेळ असतो, तेव्हा मला केबिनमध्ये बोलावलं. मला त्याच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. आधी माझी रेकॉर्ड लावली, दुसरी बाजू, शेवटचं गाणं. तुतारी रेंगाळत रेंगाळत जाते आणि आवाज हळूहळू बारीक होत नाहीसा होतो. मला तो शेवट फार आवडायचा. विरून जाणं वगैरे शब्द मी त्यावर साप्ताहिकात लिहिले होते.

मग त्यानं आपली लावली. खरखर होती, पण तुतारी विरली नाही. ती पुढे गेली. एका सुरावर थोडी घसरली, सावरली, थांबली. मग नुसता भोपळा दोनदा वाजला. आणि अगदी शेवटी, सगळं थांबल्यावर, त्या खोलीत कोणीतरी हसलं. काम फत्ते झाल्यावर माणूस हसतो तसं, सहज.

"तुमचं साडेचारशे फूट," सहादेव म्हणाला. "माझं चारशे ऐंशी. तीस फूट कापलंय तुमच्यातलं. हसनं गेलं."

मला लख्ख ऐकू आलं होतं. माझी रेकॉर्ड विलायती खरी, पण नंतर कधीतरी पुन्हा काढलेली, शेवट छाटून गुळगुळीत केलेली. आणि जुन्या बाजारातल्या त्या रद्दीत पहिली, पुरी वाजणारी. ज्या शेवटावर मी दोन रकाने लिहिले होते, तो कोणीतरी बटण फिरवून तयार केलेला होता. मी काय म्हणावं? मी म्हणालो, "तुझी रेकॉर्ड हळू फिरत असेल."

मशीन तेच होतं, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही. वही काढून त्यानं माझ्यादेखत लिहिलं: 'दोन नंबर. शेवट तीस फूट कापलाय. सरांना दावलं.'

बहात्तरचा ऑगस्ट. पावसानं त्या वर्षी पाठ फिरवली होती. सहादेवच्या गावाकडची माणसं खडी फोडायला लागली होती, आणि आम्ही नगरात मंडळाचा वाढदिवस साजरा करत होतो. पुण्याहून टिपणीस नावाचे पाहुणे येणार होते. जुन्या सिनेमांच्या एका संग्रहाचं काम बघायचे. प्रिंटही तेच बरोबर आणणार होते. दीपगृहाच्या रखवालदारावरचा सिनेमा. आणि सिनेमाच्या आधी माझं भाषण, 'एकाच कलाकृतीची अनेक रूपं'.

भाषणाच्या आठवडाभर आधी मी सहादेवला म्हणालो, "तुझी ती वही जरा बघायला दे."

त्यानं खिशातला रुमाल काढून वहीवरची काजळी पुसली आणि दिली. मी त्यातल्या अकरा नोंदी उतरवून घेतल्या. फुटांना नव्वदनं भागून मिनिटं-सेकंद केले. खिडकी, कुत्रं, कापलेलं लग्न, सगळं घेतलं. फक्त माझ्या रेकॉर्डची नोंद तेवढी वगळली.

भाषण छान झालं. फार छान झालं. लोक पुढे सरकून ऐकत होते. टिपणीसांनी सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "गंधे, डोळे आहेत तुमच्याकडे! पुण्यात येऊन हेच बोला. मी व्यवस्था करतो." मी मान खाली घालून विनय दाखवला. आभार मानताना 'यंत्र सांभाळणाऱ्यांचेही' असं एक मोघम वाक्य टाकलं होतं, तेवढंच.

गर्दी पांगल्यावर सहादेव जिना उतरून आला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. माझा चेहरा मी आधीच कडक करून ठेवला होता.

"सर, लई झ्याक सांगितलं," तो म्हणाला. "आन् फूट न्हाई सांगितले ते ब्येस केलं. लोकांना कळलं नसतं." आणि तो मनापासून खूश होता. त्याच्या वहीतलं कोणीतरी माइकवरून बोललं, याचाच त्याला आनंद झाला होता. तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटरचे मॅनेजर काकासाहेब यांनी मला कॉलेजातून बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत गेलो तर टिपणीस बसलेले, प्राचार्य बसलेले, आणि दाराशी सहादेव उभा. टिपणीसांनी प्रिंट परत नेण्याआधी मोजली होती. दोन नंबरच्या रिळाचा शेवट तीस-बत्तीस फूट कमी भरत होता. ऑपरेटर लोक आवडीचे तुकडे कापून ठेवतात, विकतात, हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत. तरी काकासाहेबांना आपल्या माणसाबद्दल खात्री होती म्हणून ते स्वतः केबिनमध्ये बघायला गेले. तिथे त्यांना वही सापडली.

त्यांनी उघडून वाचलं. "'दोन नंबर. शेवट तीस फूट कापलाय. सरांना दावलं.' हे काय रे?"

"साहेब, ते शिनेमाचं न्हाई," सहादेव म्हणाला. "गान्याचं हाय. दोन नंबर म्हंजी प्लेटीची दुसरी बाजू."

"गाणं फुटात मोजतोस? मला काय खुळा समजतो?"

"मी समदंच फुटात मोजतो साहेब. अन् ते रीळ तोकडंच आलं हुतं. फिल्मचा जोड जुना, पक्का हुता, म्हनून मी बोललो न्हाई."

आता हे ऐकून कोणाचा विश्वास बसावा? रीळ कमी आहे हे याला माहीत होतं, आणि हा बोलला नव्हता. काकासाहेबांचा चेहरा उतरला. सहादेव मात्र घाबरलेला नव्हता. त्याला वाटत होतं, आता दोन वाक्यांत सगळं मिटेल.

"सरांना इचारा," तो म्हणाला. "सरांना म्हाईत हाय. तवा सरच बसले हुते समोर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच वेळी टिपणीसांनी काकासाहेबांच्या हातातल्या वहीकडे हात पुढे केला. "बघू जरा, काय काय लिहिलंय."

मी हे पुन्हा पुन्हा मनात चालवून पाहिलं आहे. मला एवढंच म्हणायचं होतं: होय, हा गाणं फुटात मोजतो, मिनिटाला नव्वद, आणि ती नोंद माझ्या रेकॉर्डची आहे. पण मग टिपणीसांनी विचारलं असतं, म्हणजे हा माणूस असं सगळं टिपून ठेवतो? मग पान उलटलं असतं. खिडकी दोनदा. कुत्रं न्हाई. कालचं माझं सगळं भाषण त्या वाकड्या अक्षरात तिथे होतं. आणि वर माझी विलायती रेकॉर्ड छाटलेली, हेही आलं असतं. पुण्याचं बोलावणं आदल्याच दिवशी आलेलं होतं.

"मला तसं काही आठवत नाही," मी म्हणालो.

सहादेवनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. मला आठवावं म्हणून तो मदत करू लागला. "सर, ते न्हाई का, शेवटाला कोनतरी हसतं बघा. तुमचीत हसनं न्हाई. तुमी स्टुलावर बसले हुते."

"नाही रे. नाही आठवत."

"तुमी म्हनले, हळू फिरत आसंल..."

"सहादेव," मी आवाज चढवला, "मला उगीच यात ओढू नको."

मी पुढे होऊन ती वही टिपणीसांच्या हातात पडायच्या आत घेतली आणि म्हणालो, "जाऊ द्या, या चिटोऱ्यांत काय बघायचं? मंडळाची जबाबदारी आहे, मी ठेवतो माझ्याकडे." प्राचार्यांना वाटलं, मी प्रकरण हलक्या हातानं मिटवतो आहे. त्यांनी मान डोलावली. त्यांनी त्याच्या आडनावावरचा विनोद त्या दिवशी केला नाही.

काकासाहेबांनी पोलिसांत दिलं नाही. हिशेब करून त्याच आठवड्यात त्याला काढलं. नगर लहान गाव. सिनेमा कापणारा म्हणून एकदा नाव झाल्यावर दुसऱ्या कुठल्या केबिनमध्ये त्याला कोण घेणार? वही मी घरी नेली. चार दिवस पुस्तकांमागे ठेवली. पाचव्या दिवशी सकाळी आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली. बायकोनं विचारलं, काय जाळताय? म्हटलं, जुने पेपर. त्या वहीत चौदा वर्षांचे सिनेमे होते.

पुण्याला गेलो, बोललो, टाळ्या घेतल्या. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा गेलो नाही. सांगायला नवं काही नव्हतं. वर केबिनमध्ये आता दुसराच ऑपरेटर होता आणि तो खेळ संपला की सायकलवर बसून घरी जायचा. माझ्या रेकॉर्ड मी थिएटरात नेणं बंद केलं. घरी ती एक रेकॉर्ड लावली की शेवटाला आवाज बारीक होऊ लागे आणि मी उठून सुई उचलत असे.

सहादेवची खबर अधूनमधून कानावर यायची. दिवाळीपर्यंत गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होता. रतनबाईही कामावर होती. मग नागापूरला एमआयडीसीत एका पत्र्याच्या कारखान्यात लागला म्हणे, पॉवर प्रेसवर. मी ऐकून घ्यायचो आणि विषय बदलायचो. चांगली नोकरी लागली, बरंच झालं, असंही एकदा म्हणालो. ते वाक्य आठवलं की अजून अंगावर शहारा येतो.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत टिपणीसांचं पत्र आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. संग्रहातले डबे पुन्हा तपासताना त्या दीपगृहाच्या सिनेमाच्या दोन नंबरच्या रिळाचा हरवलेला तुकडा सापडला होता. नगरला येण्याच्या आधीच, तिकडे दुरुस्ती करताना, तो चुकून भलत्याच सिनेमाच्या रिळाला जोडला गेला होता. नगरच्या थिएटरला कळवावं, गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत. मी पत्र काकासाहेबांना दाखवलं. त्यांनी पत्राची घडी घालून ती माझ्या हातात परत ठेवली. मग म्हणाले, "गंधे सर, तुम्ही जा त्याच्याकडे. माझ्या तोंडानं कसं सांगू?" त्यांची चूक प्रामाणिक होती, तरी त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

पत्र खिशात घालून मी नागापूरला गेलो. वाटेत मला हलकं वाटत होतं, हेही कबूल करतो. मनात मी ठरवलं होतं: पत्र वाचून दाखवायचं, तो सुटेल, मीही सुटेन. पुण्याची चूक होती, कागदावर आहे. बाकी काही बोलायची गरजच काय?

कारखान्याला सुट्टीचा दिवस होता. पत्र्याच्या खोल्यांची रांग, दारापुढे बायका बाजरी निवडत बसलेल्या. सहादेव खाटेवर बसला होता. मला पाहून चटकन उठला, टोपी शोधू लागला. रतनबाईनं स्टो पेटवला. तिनं मला या म्हटलं, बसा म्हटलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"डाव्या अंगाला बसा," ती म्हणाली. "उजव्या कानानं त्यांना काईच येत न्हाई. प्रेसचा दनका बसतो दिसभर."

"थोडं थोडं येतं," सहादेव म्हणाला. मोठ्यानं बोलत होता, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "जाड आवाज येत्यात. भोपळा येतो. झाडू न्हाई येत आता." आणि हसला.

मी पत्र काढलं. एकेक वाक्य इंग्रजीतून मराठी करून त्याच्या डाव्या कानाशी मोठ्यानं सांगितलं. त्याला पुरं कळेपर्यंत दोनदा सांगावं लागलं. कळल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"घावलं का?" तो म्हणाला. "बरं झालं. शिनेमा पुरा झाला." मग रतनबाईकडे वळून, "बघ, मी म्हनत न्हवतो? समदं निवतं." तिनं चहात साखर टाकली. तो माझ्याकडे वळला. "ही सर, तुमच्यावर राग धरून बसलेली. मी हिला कितींदा सांगितलं, अगं, सरांच्या ध्यानात न्हवतं. कॉलेजाचा येवढा व्याप, त्येंच्या डोक्यात हजार गोष्टी. ध्यानात आसतं तर सर बोलले आसते."

दीड वर्षं तो हे सांगत आला होता. बायकोला, कदाचित गावाला, कदाचित स्वतःलाही. उठून निघालो असतो तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. तो मला चांगला माणूस समजत राहिला असता आणि मी ते समजू दिलं असतं. चहाचा कप माझ्या हातात होता. रतनबाईनं आता पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"ध्यानात होतं," मी म्हणालो.

"आँ?"

"माझ्या ध्यानात होतं, सहादेव."

त्यानं डावा कान पुढे केला, हाताचा आडोसा केला. "जोरात बोला सर. बारीक ऐकू येत न्हाई."

मी कप खाली ठेवला. मला उभं राहावं लागलं. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज, ज्याचा मला गर्व होता, तो काढून मी ओरडलो, "मला सगळं आठवत होतं! त्या दिवशी मी खोटं बोललो! भाषण तुझ्या वहीतलं होतं, म्हणून खोटं बोललो! ती वही मी जाळली!"

बाहेर बाजरी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. पलीकडच्या खोलीत रेडिओ चालू होता, तो कोणीतरी बंद केला. दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. रतनबाईनं पदर तोंडाला लावला. सहादेव माझ्याकडे नुसता बघत होता. त्याला ऐकू आलं होतं. एकेक शब्द त्याच्या चेहऱ्यावर पोचताना मला दिसला, आणि त्याचे डोळे भरले. मी मान खाली घातली आणि वाट पाहत राहिलो. त्यानं शिवी द्यावी, हात उगारावा, घराबाहेर काढावं, मला काहीही चाललं असतं.

तो उठला. दारातल्या माणसांकडे पाहिलं, आणि दार पुढे लोटून घेतलं. मग माझ्याजवळ आला, माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं आणि जमेल तितक्या बारीक आवाजात म्हणाला, "हळू बोला सर. मानसं ऐकत्यात."